शाळा उघडायच्या आत

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार, १९ मे २०२५

चि. सौ. सुमन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज सोमवार, दुकानाला सुट्टी, म्हणून दुपारची झोप टाळून हे पत्र लिहायला बसलो आहे. फोन करता आला असता. पण फोनवर तुझा आवाज चढला की माझाही चढतो, मग तुझी आई माझ्या हातातून फोन काढून घेते आणि पुढची दहा मिनिटे तुम्ही दोघी लोणच्याच्या कैऱ्यांविषयी बोलत राहता. पत्रात निदान मध्येच कोणी बोलत नाही. शिवाय माझे अक्षर तुला आवडते असे तू एकदा म्हणाली होतीस, तेव्हा अक्षरासाठी तरी शेवटपर्यंत वाच.

गेल्या रविवारी तू न जेवता निघालीस. तुझ्यासाठी काढून ठेवलेला गूळ फडताळात तसाच राहिला आहे आणि मुंग्यांच्या भीतीने आईने डबा पाण्याच्या परातीत ठेवला आहे. त्या परातीकडे पाहून ती दिवसातून दोनदा सुस्कारा सोडते आणि माझ्याकडे पाहत नाही. शाळेशी करायच्या व्यवहाराच्या त्या कागदावर तू सही केलीस की नाही, हे विचारणार नाही असे मी तिला कबूल केले आहे आणि हे पत्र त्यासाठी नाहीच. पत्र लिहायचे कारण वेगळे आहे. त्या दिवशी भांडणाच्या भरात मी म्हणालो की आपल्या दुकानात असला व्यवहार तीन पिढ्यांत कधी झाला नाही. ते खरे नव्हते. त्याविषयी पुढे लिहितो. लगेच लिहायला हात धजत नाही.

आधी हे लिहितो की तुझे पुण्यातले वह्या-पुस्तकांचे दुकान मला आवडले. तू फोटो दाखवलेस तेव्हा मी काही बोललो नाही, कारण मी रागात होतो; परंतु वह्या इयत्तेप्रमाणे न लावता रेघेप्रमाणे लावल्या आहेस, एकरेघी वेगळी, दुरेघी वेगळी, चौकडी वेगळी, हे पाहून मला बरे वाटले. गिऱ्हाईक इयत्ता सांगते, पण हात रेघ शोधतो. हे तुला कोणी शिकवले नव्हते. नववीत असताना पाडव्याच्या आदल्या रात्री तू माझ्या कीर्दीतली चाळीस रुपयांची चूक काढली होतीस आणि आजोबांच्या, आपल्या आण्णांच्या, फोटोकडे बघून हसली होतीस, ते मी अजून लोकांना सांगतो. नोकरी गेल्यावर घरी बसून न राहता तू धंदा उभा केलास. कर्ज काढलेस, तेही जावईबापूंच्या नावावर नव्हे, स्वतःच्या. त्याचा हप्ता किती हे मी विचारलेले नाही. विचारावेसे मात्र रोज वाटते.

आता तुझ्या शाळेची अट मला जशी कळली तशी लिहितो, म्हणजे माझ्या समजुतीत चूक असेल तर तुला दाखवता येईल. वह्या-पुस्तकांचा संच सगळ्या पालकांनी तुझ्याच दुकानातून घ्यायचा. वह्यांवर शाळेचे नाव छापलेले असायचे. बाहेरची वही वर्गात चालायची नाही. आणि विक्रीच्या शंभर रुपयांमागे वीस रुपये तू शाळेच्या ‘विकास निधी’त भरायचे, ज्याची पावती तुला मिळणार नाही. तू म्हणालीस की सगळीकडे हेच चालते. असेल. पण ते वीस रुपये तू तुझ्या नफ्यातून देऊ शकणार नाहीस, कारण पुस्तकांत तेवढे सुटतच नाहीत. ते वहीच्या किमतीवर चढतील. म्हणजे पैसे पालकाचे, पेटी शाळेची आणि गोळा करणारा हात तुझा. कॉमर्स शिकलेल्या मुलीला हा हिशेब मी सांगावा असे नाही. बघ, नाही नाही म्हणता पुन्हा तिथेच आलो.

तुझ्या पणजोबांची गोष्ट तुला अर्धी माहीत आहे. आण्णांना त्यांनी शाळेत घातले ते विद्येच्या प्रेमाने नव्हे. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पणजोबांनी हिशेब केला की स्वतःचे पोर गुरांमागे ठेवून दरमहा रुपया भरण्यापेक्षा दुसऱ्याचे पोर गुराखी म्हणून ठेवलेले स्वस्त पडते. म्हणून आण्णा शाळेत गेले. पुढे महाराजांनी काढलेल्या वसतिगृहांपैकी एकात, म्हणजे आपण ज्याला बोर्डिंग म्हणतो तिथे, त्यांची सोय झाली आणि ते कोल्हापुरात आले. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी कितीतरी बोर्डिंगे त्या वेळी शहरात होती, आणि आण्णांनी पापाच्या तिकटीजवळच्या बोळात सहा फुटांचे दुकान थाटले तेव्हा त्यांचे पहिले गिऱ्हाईक ही बोर्डिंगातली पोरेच होती. एकेका पोराकडे सगळ्या विषयांना मिळून एक वही असे. पुढून गणित, मागून मराठी, आणि मार्चमध्ये दोन्ही विषय मध्ये कुठेतरी एकमेकांना भेटत.

आपल्या धंद्याची एक गंमत आण्णा नेहमी सांगत. शाळा उघडते जूनमध्ये, आणि जूनमध्ये या भागात कोणाकडेच पैसा नसतो. शेतकऱ्याचा पैसा बियाण्यात आणि पेरणीत गेलेला असतो. गुऱ्हाळे थंडीच्या दिवसांतली. दिवाळीच्या पाडव्याच्या मुहूर्तावर गुळाचे सौदे निघतात आणि उन्हाळा तापला की गूळ आटवायच्या काहिली पालथ्या पडतात. म्हणजे गूळ पिकवणारा, गूळ वाहणारा हमाल आणि तो तोलणारा तोलार, तिघांचेही खिसे नेमके शाळा उघडण्याच्या वेळी रिकामे. तेव्हा या गावात वह्यांचे दुकान चालवायचे तर वही जूनमध्ये द्यायची आणि पैसे दिवाळीच्या पाडव्याला मोजून घ्यायचे, मधले पाच महिने व्यापाऱ्याने गिळायचे. हे ज्याला जमले नाही त्याने मिठाईचे दुकान काढावे, असे ते म्हणत. पाडव्याला नव्या कीर्दीची पूजा झाली की दुपारपासून माणसे यायची. कोणी पैसे मोजायचे, कोणी गुळाची ढेप आणून ठेवायचे. एका वर्षी आपल्या माडीवर इतका गूळ साठला होता की तुझ्या आजीने भाड्याने खोली घ्यावी लागेल म्हणून भांडण काढले.

१९५७ साली नवे पैसे आले तेव्हा दोन आण्यांची वही बारा पैशांना विकायची की तेरा, यावरून बाजारात भांडणे झाली, कारण हिशेबाने ते साडेबारा होत. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि दुकानाच्या पायरीवर बसून गंमत बघत होतो. आण्णांनी बारा धरले. शेजारचा दुकानदार तेरा घेत होता आणि दुपारी आण्णांना समजवायला येत होता. अर्ध्या पैशाच्या त्या वादात दोघांचे मिळून किती कप चहा झाले, याचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही.

वह्या त्या वेळी घरीच व्हायच्या. मे महिन्यात कागदाची रिमे यायची. चोवीस ताव म्हणजे एक दस्ता आणि वीस दस्ते म्हणजे एक रीम. आजी ताव मोजून दुमडायची, मी पाटीच्या कडेने घडी दाबायचो आणि तुझी आत्या सुई-दोऱ्याने मधोमध शिवायची. पुठ्ठा चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ, आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद. मोरचुदाने आत्याच्या बोटांना हिरवट निळी झाक यायची, ती जूनअखेरपर्यंत जात नसे, आणि शाळेत मुली तिला चिडवत. तिने कधी तक्रार केली नाही. पण लग्न ठरले तेव्हा पहिली अट घातली की सासर वह्यावाल्याचे नको. आता ती सत्तरीला आली, तरी तिच्याकडे वही दिली की ती आधी उलटी करून शिवण बघते.

हे सगळे मी का लिहीत बसलो आहे, असे तू म्हणशील. जे लिहायचे आहे ते पुढे ढकलतो आहे, म्हणून.

मी दुकानात बसू लागलो १९६८ साली. त्याच्या आदल्या वर्षी बालभारती स्थापन झाली होती, आणि हळूहळू एकेका इयत्तेचे पुस्तक साऱ्या महाराष्ट्रात एकच झाले. त्याआधी निरनिराळ्या प्रकाशकांची पुस्तके असत, प्रकाशकांचे लोक मुख्याध्यापकांच्या घरी खेटे घालत आणि या शाळेचे पुस्तक त्या शाळेत चालत नसे. ते बंद झाले हे चांगलेच झाले, पण पुस्तकावर छापील किंमत आली आणि आपले कमिशन तुटपुंजे झाले. तेव्हा दुकानदाराने जगायचे ते वह्यांवर आणि मार्गदर्शकांवर. मला वाटे, आण्णांना धंदा कळत नाही. सव्विसाव्या वर्षी तसे वाटतेच. १९७५ साली दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली आणि जुनी अकरावी गेली. त्या वेळी मी अकरावीच्या जुन्या अभ्यासक्रमाची मार्गदर्शके स्वस्तात मिळाली म्हणून भरून ठेवली, अशा हिशेबाने की नापास होणारे तर राहतीलच. पोरे माझ्या अपेक्षेपेक्षा हुशार निघाली. शेवटी ती सगळी मार्गदर्शके भडंगवाल्याला किलोवर दिली, आणि पुढचे वर्षभर रंकाळ्यावर बीजगणिताच्या पुड्यांत लोक भडंग खात होते. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या घाऊक व्यापाऱ्याचे २,२०० रुपये माझ्या डोक्यावर राहिले. आण्णांना मी आकडा सांगितला नव्हता. तुझ्या कर्जाचा आकडा विचारायला माझी जीभ का अडखळते, हे आता तुझ्या लक्षात येईल.

तो आणीबाणीचा काळ होता. कागदाची टंचाई होती. वीस कलमी कार्यक्रमात विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तके नियंत्रित दराने मिळावीत असेही एक कलम होते, आणि वह्यांच्या बाबतीत शाळांचे वजन एकदम वाढले होते. १९७६ च्या मे महिन्यात एका शाळेच्या संचालक मंडळातले एक गृहस्थ माझ्याकडे आले. शाळेचे नाव लिहीत नाही. शाळा अजून आहे आणि आताची माणसे वेगळी आहेत. त्यांचे म्हणणे असे की आमच्या शाळेत फक्त तुमच्या दुकानाचा शिक्का असलेली वही चालेल, असे आम्ही मुलांना सांगू. तुम्ही दर वहीमागे पाच पैसे जास्त लावा आणि त्यातले तीन इमारत निधीला द्या. दीडशे रुपये आगाऊ मागितले. आण्णा त्या दिवशी गावी गेले होते. मी उसने काढून दिले.

सही नव्हती ग, सुमन, नुसता तोंडी व्यवहार होता. मी माझ्या मनाची तशीच समजूत घातली होती की कागदावर काही नाही. तुझ्यापेक्षा मी वाईट. तू निदान कागद वाचते आहेस.

जूनमध्ये धंदा जोरात झाला. गोल शिक्का, जांभळी शाई, प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर एक. निम्मे कर्ज पंधरा दिवसांत फिटले. आण्णा गादीवर बसून सगळे बघत होते आणि काही विचारत नव्हते, हे मला सोयीचे वाटत होते.

जुलैत पावसाने झड लावली होती तेव्हाची गोष्ट. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन पायरीवर चढला. शर्टाच्या आतून त्याने एक वही काढली आणि फळीवर ठेवताना आधी फळी आपल्या बाहीने पुसली. ती वही घरची होती. गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी राहिलेली पाने काढून एकत्र शिवलेली. काही पाने एकरेघी, काही चौकडी, दोन-चार अगदी कोरी, कडा एकसारख्या नाहीत, वर जुन्या कॅलेंडरचा कागद. शिवण पोते शिवायच्या दोऱ्याची होती आणि भोके दाभणाची. म्हणजे बाप शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हमाल असणार. शिवण मात्र अशी सरळ होती की आत्यालाही जमली नसती. त्याने वहीवर पाच पैशांचे नाणे ठेवले आणि म्हणाला, “मालक, शिक्का तेवढा मारा. शिक्का नाही म्हणून सर भाईर उभं करत्यात.”

मी म्हणालो, “ही वही आमच्या दुकानची नाही.”

तो म्हणाला, “शिक्का तर तुमचाच हाय न्हवं?”

याला काय उत्तर द्यायचे? मी ते पाच पैसे त्याच्याकडे सरकवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय हवे ते विचारले. त्याने वही पुन्हा शर्टात घातली, खोळ नीट केली आणि तो गेला. रडला वगैरे नाही. रडला असता तर कदाचित मी शिक्का मारलाही असता.

आण्णा गादीवरून उठले नाहीत. रात्री जेवतानाही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी दुकानात पोहोचलो तर ते फळ्या काढून, शिक्का आणि शाईची गादी मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते, आणि शाळेत जाणारे जे पोर समोरून जाईल त्याला हाक मारून त्याच्या वहीवर शिक्का मारून देत होते. आपल्या दुकानची, दुसऱ्याच्या दुकानची, घरी शिवलेली, कोणतीही. एकाने पाटी पुढे केली, तिच्या लाकडी चौकटीवर मारला. एकाने तळहात पुढे केला, त्यावरही मारला. पैसे नाहीत. दोन दिवसांत पोरांची रांग लागली. तिसऱ्या दिवशी शेजारचा, तो तेरा पैसेवाला, आपल्या दुकानातल्या वह्यांचा गठ्ठाच घेऊन आला, आणि आण्णांनी त्याही मुकाट्याने शिक्के मारून दिल्या. बासष्ट वर्षांचे वय, पाऊस, गुडघे दुखत होते. आठ दिवस ते रोज सकाळी दीड तास बसले. नवव्या दिवशी ते संचालक गृहस्थ सायकलवरून आले आणि लाल तोंडाने उभे राहिले. आण्णांनी त्यांना बसायला सांगितले, चहा मागवला आणि विचारले, “तुमच्या डायरीवर मारू का?”

व्यवहार तिथेच मोडला. दीडशे रुपये बुडाले, शिक्का मारलेल्या चार ग्रोस, म्हणजे अठ्ठेचाळीस डझन, वह्या माझ्या गळ्यात राहिल्या, आणि घाऊक व्यापाऱ्याचे देणे फेडायला आजीच्या पाटल्या मोडाव्या लागल्या. त्या पाटल्या आत्याच्या लग्नात दिल्या असे तुला सांगितलेले आहे. तेही खरे नाही. मी आण्णांशी गणपतीपर्यंत बोललो नाही. त्यांनी मला धंद्यातले काही कळत नाही असे गावासमोर दाखवले, एवढेच माझ्या डोक्यात होते.

माझ्या मनात जे राहिले ते निराळेच आहे. त्या आठ दिवसांत रोज मी रांगेकडे बघत होतो आणि तो मुलगा आला नाही. शाहूपुरीत माझ्या ओळखीचे हमाल होते, दाभणाने अशी सरळ शिवण कोण घालतो असे विचारले असते तर तासाभरात पत्ता लागला असता. मी विचारले नाही. आता तो साठीचा असेल. आजही त्या वयाच्या एखाद्या गिऱ्हाइकाने नातवासाठी वही घेताना ती उघडून पाने चाळली की मी उगीच त्याच्या तोंडाकडे बघतो.

हे तुझ्या आईलाही माहीत नाही. आता तू तिला सांगशील, सांग.

तुझी परिस्थिती माझ्यासारखी नाही, हे मला कळते. पहिलीपासून आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत पुस्तके मोफत मिळतात, तिथे दुकानदाराला काम उरलेले नाही. उरल्या त्या खासगी शाळा, आणि त्या संचाशिवाय बोलत नाहीत. पुण्यातल्या गाळ्याचे भाडे आण्णांच्या वर्षभराच्या विक्रीपेक्षा जास्त आहे. तुझ्याकडे पायरीवर बसायला कोणी आण्णा नाहीत, आणि बसायला पायरीही नाही, ते गुळगुळीत फरशीचे दुकान आहे. तरीही सांगतो. शाळेला सांग की संच देते, पण सक्तीचे वाक्य कागदातून काढा. वीस रुपयांची पावती माग. पावती मागितली की अर्धी माणसे आपोआप गप्प होतात. त्याच वह्या शाळेच्या नावाशिवायही फळीवर ठेव आणि जो मागेल त्याला कमी दराने दे. उधारी द्यावी लागली तर पूर्ण नाव लिही, ‘निळ्या स्कूटरवाल्या बाई’ असे लिहू नकोस, ते तुझ्या वहीत मी त्या दिवशी पाहिले. आणि मालकीण गल्ल्यावर बसलेली असताना तिने फोनमध्ये मान घालू नये, कारण गिऱ्हाईक आधी

असो. उपदेश सुरू झाला. तू म्हणतेस तेच खरे, मी दोन वाक्यांच्या पुढे गेलो की व्याख्यान होते. मालकिणीच्या मानेविषयीचे वाक्य खोडणार होतो, पण खाडाखोड केली तर तू ती उजेडात धरून वाचशील, म्हणून राहू देतो. क्षमा कर. त्या दिवशी तुझ्यासमोर तुझ्या मुलीला ‘आईसारखी हट्टी होऊ नकोस’ म्हणालो, त्याचीही क्षमा माग असे तुझ्या आईने सांगितले होते. ती मी आपण होऊनच मागतो आहे असे समज. हट्ट आण्णांचाच आहे, तो माझ्याकडे आला नाही, एक पिढी सोडून तुझ्याकडे आला. याचा मला आनंद आहे की भीती वाटते, हे मला नक्की सांगता येत नाही. सक्तीचे वाक्य काढायला तू हटून बसशील असे एका क्षणी वाटते, आणि दुसऱ्या क्षणी वाटते की कर्ज फेडायचे म्हणून त्याच हट्टाने सही करून मोकळी झाली असशील.

पतसंस्थेतली माझी ठेव ऑगस्टमध्ये मुदतीला येते. ती तुझ्या हप्त्यांकडे वळवावी असे माझ्या मनात आहे. दादाला विचारले, त्याने होकार दिला. तुझ्या आईला विचारायचे आहे, पण ती नाही म्हणणार नाही. हे उपकार समजू नकोस आणि त्याच्या बदल्यात काही कबूल करावे लागेल असेही समजू नकोस. १९७६ साली घरी आकडा सांगितला असता तर पाटल्या वाचल्या असत्या, इतकाच त्याचा संबंध आहे. तेव्हा मला आकडा कळव. पोस्टकार्डावर नको, सगळी पेठ वाचेल.

शाळा जूनच्या मध्याला उघडतील, म्हणजे तुझ्या हातात चार आठवडेही नाहीत. वह्यांवर शाळेचे नाव छापायला अजून टाकले नसशील तर थोडे थांब. टाकले असशील तर किती टाकल्या ते लिही. छापील वहीला वरून कोरे कव्हर घालून विकता येते, ते मी केलेले आहे, त्या चार ग्रोस वह्या शेवटी तशाच खपवल्या.

शेजाऱ्यांचा मुलगा गुरुवारी पुण्याला जाणार आहे. त्याच्याबरोबर गूळ, कांदा-लसूण चटणी आणि तुझ्या मुलीसाठी आत्याने शिवलेली एक वही पाठवतो आहे; आत्याने बऱ्याच वर्षांनी हातात सुई घेतली आणि शिवण थोडी वाकडी आली आहे, तसे तिला कळवू नकोस. गूळ पितळी डब्यात आहे. सही केलेली असो वा नसो, डबा तेवढा परत पाठव, तो आजीचा आहे.

तुझे,
बाबा